ओठांतला स्क्रू

आमच्या बाबांना बाजारात सगळे ‘आधी-बोला’ म्हणतात. लॅपटॉपला वायफाय लागत नाही म्हणून कुणी बोलावलं, की बाबा चपला काढून आत शिरतात आणि बिघाड न बघताच खिशातून वायर काढून स्वतःचा मोबाइल त्या लॅपटॉपला जोडतात. “हे माझं इंटरनेट. आधी बोला ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्याशी. मग बघतो काय झालंय ते.” शेजारचे घड्याळवाले म्हणतात, हा कसला मेकॅनिक, हा तर पोस्टमन.

बाबा पूर्वी असे नव्हते. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग लॅपटॉप, अशी तीस-पस्तीस वर्षं त्यांनी बिघाड शोधले, आणि बिघाड समोर आला की त्यांना भोवतालची माणसं दिसायची बंद व्हायची. जमिनीवर मांडी, समोर उघडं पडलेलं यंत्र, आणि काढलेले स्क्रू ओठांत धरलेले. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “गिळाल हो एखाद दिवशी.” बाबा मिटल्या ओठांनीच “हं” म्हणायचे. त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं या एवढ्यावरच भागलं असावं.

सहा वर्षांपूर्वी आई दवाखान्यात होती. बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी मी त्यांचा मोबाइल आईसमोर धरायची आणि बाबा घरून लॅपटॉपवर तिला दिसायचे. त्यांच्याजवळ माझा जुना बटणांचा फोन होता. एके दिवशी दुपारीच डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, ज्यांना भेटायचंय त्यांना आता भेटू द्या. मी बाबांना फोन लावला. लॅपटॉपला वायफाय सापडत नव्हतं.

“शेजारच्या काकांच्या मोबाइलवरून या ना.”

“ते आलेत, दारातच उभे आहेत मोबाइल घेऊन. पण दोन मिनिटं दे, सापडेल आत्ता.”

“बाबा, वेळ नाहीये.”

“अगं, दोन मिनिटं.”

आणि त्यांनी फोन ठेवला. काकांनी नंतर मला सगळं सांगितलं. बाबांनी वायफायचा डबा बंद करून चालू केला. मग पिन टोचून त्याच्यातलं सगळं पुसलं आणि नव्याने भरलं. मग लॅपटॉप मागून खोलला. यात चाळीस मिनिटं गेली. शेवटी त्यांचं लक्ष लॅपटॉपच्या कडेकडे गेलं. तिथे वायफाय चालू-बंद करायचा एक बारीकसा खटका होता. प्लास्टरला घासून तो बंदच्या बाजूला सरकला होता. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न बाबा याच खटक्याचा विचारायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मोबाइलवर त्यांचा चेहरा आला तेव्हा आई गेली होती.

मी त्यांना एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. “शेवटी काही म्हणाली का गं?” असं त्यांनी मला तेराव्या दिवशी विचारलं, नंतरही दोनदा विचारलं. तिन्ही वेळा मी “नाही” म्हणाले. ते खोटं होतं, आणि ते त्यांना लागावं म्हणूनच मी म्हणत होते.

आता बाबांना बारीक दिसत नाही म्हणून मी दुकानात बसते आणि कामावर त्यांच्याबरोबर जाते. गेल्या आठवड्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा फोन आला. त्यांचा मोबाइल साधा बटणांचा, आणि लॅपटॉपला वायफाय लागत नव्हतं. दूर राहणाऱ्या धाकट्या भावाला चार वाजता ऑपरेशनला नेणार होते आणि त्याआधी त्याला ताईला बघायचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. बाई मशीनच्या स्टुलावर बसून होत्या, गळ्यात मोजायची टेप तशीच.

बाबांनी वायर जोडली. मिनिटभरात भाऊ दिसला, डोक्यावर दवाखान्याची टोपी.

“ताई, कसा दिसतोय?”

“टोपीची शिलाई उसवलीय,” बाई म्हणाल्या आणि गळ्यातली टेप बोटांना गुंडाळू लागल्या. भाऊच बोलत राहिला.

मी स्वयंपाकघरात गेले. बाबा आधीच तिथे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे होते. डोळे पुसलेले नव्हते.

“दिसला का त्यांना?”

“दिसला.”

“स्पष्ट दिसला ना?”

“हो, बाबा.”

बोलणं संपल्यावर ते बिघाडाकडे वळले. काय बदललंत, असं ते कधीच विचारत नाहीत, कारण सगळे ‘काहीच नाही’ म्हणतात. ते विचारतात, “काल काय आवरलंत?” बाईंनी सगळी खोली आवरली होती. भावाला घर नीटनेटकं दिसावं म्हणून भिंतीजवळचा वायफायचा डबा आणि त्याच्या वायरींचं जंजाळ त्यांनी लोखंडी कपाटात ठेवून दार लावून घेतलं होतं. बाबांनी डबा बाहेर काढून कपाटावर ठेवला. लॅपटॉप लगेच लागला. “लोखंडाच्या आड याची हाक पोचत नाही,” एवढंच ते म्हणाले, आणि चुकलं असं एकदाही म्हणाले नाहीत. त्या बाईंच्या जागी मी असते आणि सहा वर्षांपूर्वीचे बाबा असते, तर अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं असतं.

दुकानात परत आल्यावर ते एक लॅपटॉप पालथा घालून बसले. एकेक स्क्रू निघाला आणि ओठांत गेला. मी बघत होते. माझ्या रागाला आता काही काम उरलं नव्हतं, मीच तो धरून बसले होते.

“बाबा, आई म्हणाली होती.”

त्यांचा हात थांबला.

“मी तिला सांगितलं, वायफाय लागत नाहीये, येतायत ते. तर म्हणाली, खोलून बसले असतील सगळं. कपाळावर आठी असेल आणि तोंडात स्क्रू. सांग त्यांना म्हणावं, गिळू नका.”

“हं?” मिटल्या ओठांनी बाबांनी विचारलं. ते काय विचारतायत ते मला कळलं.

“चिडून नाही, हसून म्हणाली. मग डोळे मिटले तिने. बाबा, स्क्रीन नसतानाही तुम्ही दिसत होतात तिला.”

बाबांनी स्क्रू काढून बाटलीच्या झाकणात ठेवले. चार होते. पाचवा गालात राहिला होता, तोही काढला.

“सहा वर्षं का नाही सांगितलंस?”

“राग होता.”

“हं,” बाबा म्हणाले. तोंडात आता काही नव्हतं.