ब्रेकबाईंची झोप

गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकणारा गांगरला की शेजारच्या सीटवरून बाईंचा पाय आपल्या जादाच्या ब्रेकवर पडायचा, तोंडातून मात्र अवाक्षर निघायचं नाही. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नव्हता.

पाळी बंद झाली, वर्ष-दोन वर्षं गेली आणि बाईंचं काहीतरी बिनसलं. सकाळी डोकं जड, दुपारी डोळ्यांवर झापड, संध्याकाळी घरच्यांवर विनाकारण तोफखाना. "या वयात व्हायचंच असं," म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली. नवरा तर असा घोरायचा, की शेजारच्या माणसाचा श्वास त्याला काय ऐकू येणार!

एका दुपारी गाडी शिकायला येणाऱ्या शिंपीणकाकू चौकात गाडी वळवत होत्या आणि बाईंचा डोळा लागला. गाडी फुटपाथवर चढून भिंतीला टेकली. कुणाला खरचटलंही नाही. पण बाईंनी त्या दिवसापासून शिकवणं थांबवलं.

त्याच आठवड्यात नणंद राहायला आली. भावाला बाहेर पिटाळून वहिनीच्या खोलीत झोपली. सकाळी चहा गाळताना म्हणाली, "वहिनी, रागावू नका, पण तुम्ही झोपेत श्वास घ्यायचं विसरता. एकदम सामसूम, मग दचकून धाप लागल्यासारखं. मी जागीच होते!"

"म्हणजे मी घोरते?"

"सारख्या घोरत असता तर माझा जीव तरी भांड्यात पडला असता!"

नणंदेनेच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. झोपेची तपासणी झाली. "पाळी गेली की घशाच्या स्नायूंना सावरणारे हार्मोन्स कमी होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो. कितीतरी बायका फारशा घोरत नाहीत, नुसत्या थकतात. मग सगळं खापर वयावर."

"मला वाटलं, मी आळशी झाले."

"रोज रात्री श्वासासाठी झटापट करताय, आळशी कसल्या!"

झोपेत घसा मिटू नये म्हणून हवा सोडणारं यंत्र आणि नाकावरचा मास्क घरी आला. सुरुवातीला बाईंना नको नको झालं. नवरा विचारी, "विमान कधी सुटणार?" पण हळूहळू सवय झाली. एका सकाळी जाग आली तर डोकं पिसासारखं हलकं. बाई उशीला टेकून उगाचच हसत बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासून परवानगी दिल्यावर पहिला फोन शिंपीणकाकूंना गेला.

"काकू, आता मी पूर्ण जागी आहे. येता?"

"येते की! मी कुणा दुसऱ्याकडे गेलेच नाही."

त्या दिवशी काकूंनी पहिल्यांदाच गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधे सरळ लावली. बाईंनी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या.