स्ट्राउडसाहेबांचा बकरा

वेंडेल स्ट्राउड गेले तेव्हा पेपरात चार ओळी आल्या. चॅनेलचे माजी अधिकारी, एवढंच. अधिकारी कसले, कात्री होते ते. आम्ही सगळे त्यांना कात्रीच म्हणायचो, आणि मी सगळ्यात मोठ्याने म्हणायचे. पण चार ओळींत आटपावा असा तो माणूस नव्हता, म्हणून हे लिहायला बसले.

सहासष्ट साली लॉस एंजेलिसमध्ये मी एका अंतराळाच्या मालिकेची टायपिस्ट होते. नावाला गोष्टी दूरच्या ग्रहांवर घडायच्या. पण आमचा लेखक आयरा मँडेल त्या ग्रहांवर जे घडवायचा ते सगळं आमच्याच गल्लीतलं असायचं. कुणी कुणाच्या शेजारी राहायचं, कुणी कुणाशी लग्न करायचं, लढाईवर कुणाची पोरं पाठवायची. हेच माणसांच्या तोंडी घातलं असतं तर आठवड्यात दुकान बंद झालं असतं. हिरव्या कानांच्या परग्रहवाल्यांच्या तोंडी घातलं की बरंचसं खपून जायचं. खपायचं नाही ते स्ट्राउडसाहेबांच्या निळ्या पेन्सिलीखाली सापडायचं. प्रत्येक भागाचं लिखाण चॅनेलच्या वतीने आधी तेच वाचायचे.

साहेब आर्कान्सामधल्या कुठल्याशा खेड्यातले. बारा महिने तपकिरी सूट, डबा म्हणजे मेणकागदात गुंडाळलेलं अंड्याचं सँडविच, आणि रविवार चर्चचा. बाईची बेंबी दिसली की त्यांना खरोखर त्रास व्हायचा, ते सोंग नव्हतं. आमच्या वेशभूषावाल्या बायका त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या.

म्हणून आयराने एक रीत पाडली होती. दर भागात एक बळीचा बकरा घालायचा. म्हणजे एखादा भडक नाच, एखादी अंघोळ, जे मुळात कुणाला नकोच आहे. साहेब ते दणक्यात कापणार, समाधानाने घरी जाणार, आणि जे वाचवायचं ते वाचणार. आम्ही स्वतःवर फार खूश होतो.

आता ल्यूशस टॉलिव्हर. यानातल्या डॉक्टरचं काम करणारा नट. देखणा, काळा, आवाज असा की मी टायपिंग थांबवून ऐकायचे. आणि त्याला वाक्य काय, तर ‘नाडी ठीक आहे, कॅप्टन.’ दोनदा त्याला चांगला प्रसंग मिळाला आणि दोन्ही वेळा वरून कापला गेला. तिसऱ्यांदा आयराने त्याच्यासाठी अख्खा भाग लिहिला. एका ग्रहावर काही लोकांच्या कपाळावर जन्मतः निळा डाग असतो, आणि त्यांच्या भांड्याला बाकीचे तोंड लावत नाहीत. शेवटी तहानलेला डॉक्टर एका डागवाल्या बाईच्या हातचा पेला घेतो आणि पितो. बाईचं काम करणारी नटी गोरी होती. काळा माणूस, गोरी बाई, एकच पेला. डाग निळा असला तरी सगळं स्पष्ट दिसत होतं.

ल्यूशसने मला सांगून ठेवलं होतं, हेही गेलं तर तो दक्षिणेत मेकन गावी आईकडे परत जाणार आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवणार. चिडून नाही म्हणाला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि नेमक्या याच भागात आयराने बकरा घातला नाही. या गोष्टीत मी घाण कालवणार नाही, म्हणे. एकदा लेखकाला आपलं लिखाण पवित्र वाटायला लागलं की त्याच्यापुढे डोकं आपटून उपयोग नसतो.

दोन दिवसांनी स्ट्राउडसाहेब स्वतः माझ्या खोलीत आले. ते कधीच येत नसत. दार लावून घेतलं आणि कागद माझ्या टेबलावर ठेवले.

“कोवाचबाई, माझा बकरा कुठाय?”

मी म्हटलं, “कसला बकरा, साहेब?”

“पहिल्या भागापासून खातोय. मला चव कळत नाही असं वाटलं तुम्हाला?”

माझे कान गरम झाले. मग त्यांनी खुर्ची ओढून शांतपणे समजावलं. एकही काट नसलेलं लिखाण वर गेलं की वरच्यांना वाटतं, स्ट्राउडने वाचलंच नाही. मग ते स्वतः वाचायला बसतात. आणि वाचायला बसले की पेला राहत नाही. म्हणून उद्यापर्यंत काहीतरी कापण्याजोगं हवं, आणि जरा गुबगुबीत हवं.

माझ्याने राहवलं नाही. विचारलं, “तुम्हाला त्या पेल्याचं काही वाटत नाही?”

ते चष्मा पुसत राहिले. “आमच्या चर्चमध्ये प्रभूभोजनाच्या द्राक्षारसाला एकच पेला असायचा. सगळ्यांच्या ओठाला लागायचा. सगळ्यांच्या म्हणजे आमच्या, गोऱ्यांच्या.” चष्मा चढवून उठले. “बेंब्या घाला. त्या मी मनापासून कापतो.”

आयराने शिव्या घालत तीन पानांचा नाच लिहिला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो लालबुंद होऊन कापला आणि वर खरमरीत टिपण पाठवलं.

भाग तयार झाल्यावर चॅनेलचे तीन साहेब बघायला आले. मी मागे वही घेऊन बसले होते, ल्यूशस बाहेर व्हरांड्यात. पेल्याचा प्रसंग आला. ल्यूशस प्यायला. मधल्या साहेबांची चुळबुळ सुरू झाली.

“वेंडेल, हे… हे चालेल ना?”

“आक्षेपार्ह होतं ते काढलंय मी,” स्ट्राउड म्हणाले. “तीन पानं होती.”

“कसली?”

“बेंब्यांची.”

तिघे साहेब खो खो हसले, दिवे लागले, आणि ते जेवायला गेले. एवढंच झालं. बाहेर येऊन मी ल्यूशसकडे बघून होकाराची मान हलवली. तो भिंतीला टेकून तसाच खाली बसला आणि हसायला लागला. मीही चांगल्या स्कर्टची पर्वा न करता त्याच्या शेजारी फरशीवर बसले. इतकं हलकं मला त्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं.

भाग दाखवला गेला. शिव्यांची पत्रं आली, पण भीती होती त्याहून कमी. दुसऱ्या दिवशी ल्यूशस माझ्या खोलीत आला. आईचा फोन आला होता. तिने अख्खी गल्ली घरात बोलावून भाग बघितला होता.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं. स्ट्राउडसाहेब तेव्हा दारातच उभे होते, पुढचे कागद न्यायला आलेले.

“ओरडली मला. म्हणाली, त्या बाईचं सगळं पाणी एकट्याने संपवलंस. तिला घोटभरही ठेवलं नाहीस. हेच शिकवलं का मी तुला?”

स्ट्राउडसाहेबांनी कागद काखेत मारले.

“आईचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “ते कापायला हवं होतं मी.”