ताकद दोन

एसीचा गार वास आला की बेळगावातला कॉम्प्युटर क्लास आठवतो. चपला बाहेर काढून आत बसायचं. एकदा सरांनी खेळाची फ्लॉपी लावली. पडद्यानं नाव विचारलं, मी गंमतीनं माझ्या वडलांचं, आप्पांचं टाकलं. मग वीस गुण ताकद आणि अक्कल यांत वाटायचे होते. आप्पा निपाणीच्या तंबाखू वखारीत पोती उचलून खोकायचे. म्हटलं, इथं तरी अकलेवर जगू देत. अक्कल अठरा, ताकद दोन. खेळातल्या पहिल्याच दारात राक्षसाचा एक फटका बसला नि आप्पांच्या नावापुढं इंग्रजीत 'मेला' उमटलं. अनवाणीच स्टँडवर पळाले, निपाणीची बस धरली. आप्पा वखारीच्या दारात खोकत बसलेले. "काय गं, चपला कुठं हायत?" परवा नातवानं तसल्याच खेळात माझं नाव टाकलं. म्हटलं, "आधी सांग, ताकद किती ठेवलीस?"