हत्तीच्या पायाचा काना

हे मी कुणापुढंच बोललो नाही. माईक हातात आला की दुसऱ्यांचं खोटं चव्हाट्यावर आणतो — हे मात्र घशाखालीच ठेवलं. आमच्या संघटनेच्या पत्रकांचा मथळा पाहिलाय तुम्ही? जाड, उजवीकडं झुकलेलं अक्षर, टोकाला सनईच्या तोंडासारखं पसरत गेलेलं. मी काढून दिलेल्या नमुन्यावरून त्याचा फॉन्ट झाला. जालन्याच्या छापखान्यात तो माझ्याच नावानं ओळखतात. मी कधी दुरुस्ती केली नाही. पण सांगायचंय ते हे नाही — हे त्यातलं सोपं.

अक्षर शैलाचं. राजूरजवळच्या आमच्या गावातली, माझ्याच वर्गातली. गावाला एसटी नव्हती, पोरींचं कॉलेज सुटत होतं, म्हणून आम्ही दोघं मागणीच्या घोषणांनी भिंती रंगवायला लागलो. काय दिवस होते — डब्यात कालवलेला गेरू, कोपरापर्यंत लाल हात. तिनं ब्रशचे केस ब्लेडनं तिरपे कापले होते. मला शिकवायची, “काना खाली एकाच अंगाला पसरव. दोन्हीकून फुगवला तर हत्तीचा पाय व्हतो.” माझे सगळे काने हत्तीचे. ती हसून हसून ओट्यावर बसायची.

मग ग्रामसभेत सरपंच एसटीच्या ठरावावरून फिरले. माझं डोकं फिरलं. पहाटे एकटाच गेलो, पंचायतीच्या ताज्या चुन्यावर त्यांच्या घरातल्या बायकांबद्दल घाण ओळ लिहिली. शैलाच्या अक्षरात. का? माझं अक्षर किरटं होतं म्हणून? की नाव तिच्यावर जाईल, हे आत कुठंतरी ठाऊक होतं?

सकाळी गाव जमलं.

“हे शैलीचंच हाय. दुसऱ्या कुणाला जमतंय असं?” सरपंच म्हणाले. तिचे वडील मान खाली घालून उभे.

शैला भिंतीकडं बघत होती — कान्यांच्या बुडाकडं. मग एकदा माझ्याकडं. मी चपलेनं माती उकरत राहिलो. दुसरं कुणी असं वागलं असतं तर मी पत्रकात काय छापलं असतं? भेकड. तोच शब्द.

तिचं कॉलेज बंद झालं. लग्न लावून दिलं. पुढं एसटी आली, नारळ माझ्या हातून फुटला. त्या गाडीनं कॉलेजला जायचं शैलाचं राहिलं ते राहिलंच.

यंदा चतुर्थीला राजूरच्या गणपतीपुढं पत्रकं वाटत होतो. पूजेच्या सामानाच्या दुकानात गल्ल्यावर शैला. मी नारळ मागितला, सवयीनं पत्रक पुढं केलं. तिनं मथळ्यावरून बोट फिरवलं.

“काना अजून दोन्हीकून फुगवून राह्यलास का रे?”

मी खिशातले सुटे पैसे मोजत राहिलो. मागं गिऱ्हाईक थांबलं होतं. तिनं त्याच पत्रकात माझा नारळ गुंडाळून दिला.