आळी नसलेल्यांची नावे

श्री. अंतोन परेरा यांची आणि माझी पहिली भेट माझ्या आजोबांच्या निधनाच्या बातमीमुळे झाली. पापडीला त्यांच्या घराच्या पडवीत आमच्या साप्ताहिकाची कचेरी होती, आजही तिथेच आहे. मी तेव्हा महाविद्यालयात होते आणि मराठीत बरे गुण मिळत असल्यामुळे स्वतःच्या लेखणीबद्दल माझा बराच गैरसमज होता. ‘क्रूर काळाने झडप घातली’, ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ असा सगळा सरंजाम असलेला कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी तो वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, “आजोबा कुठल्या आळीचे?” मी म्हटले, आगाशीची म्हात्रे आळी. “वाडीत काय लावायचे?” केळी. “कुठली केळी?” राजेळी, आजी ती वाळवून सुकेळी करते. अंक आला तेव्हा काळही नव्हता आणि पोकळीही नव्हती. म्हात्रे आळीचे नारायण म्हात्रे गेले, त्यांच्या वाडीतली सुकेळी आगाशीच्या बाजारात लोक त्यांच्या नावाने मागत, एवढेच होते. आजी तेरा दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरली होती. ती बातमी ऐकून ती रडली.

सर पेशाने मराठीचे शिक्षक. शाळा सुटली की साप्ताहिक आणि साप्ताहिक छापून झाले की वाडीतली पानवेल, हा त्यांचा क्रम. बातमी लिहायला मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांचे दंडक मोजकेच होते. बातमीत आलेल्या माणसाला नाव, आळी आणि कामधंदा असलाच पाहिजे, हा पहिला. भांडणाची बातमी असेल तर ती छापण्याआधी दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर जाऊन वाचून दाखवायची, हा त्याहून कडक. बांधाचे भांडण असो की निवडणुकीचे, सर स्वतः सायकल काढून जात. लोक चिडत, हुज्जत घालत आणि शेवटी बहुधा चहा पाजत. छापखान्याचे मालक वैतागून म्हणायचे, “परेरा सरांची बातमी म्हणजे लग्नाचं आमंत्रण, घरोघरी फिरल्याशिवाय काही पुढे सरकत नाही.” सर हे वाक्य स्वतःच सगळ्यांना सांगून हसत.

आता त्या प्रकरणाकडे येते. तुळिंजच्या बाजारात बसण्याच्या जागेवरून आपल्या गावांतल्या मासळी-भाजी विकणाऱ्या बाया आणि उत्तरेकडून आलेले हातगाडीवाले यांच्यात जुंपली. जागेचे भांडण बघता बघता भाषेवर गेले, मग ‘तुम्ही मुळात कुठले’ यावर गेले, आणि मग दगड आले. गाड्या उलटल्या. ओढलेल्या शटरांच्या मागे दोन्हीकडची माणसे जीव मुठीत धरून बसली. बातमी मी लिहिली, सरांनी नजरेखालून घातली. आपल्या जखमी बायांची नावे, आळ्या, कुणाला कुठे लागले, सगळे नीट आले. दुसऱ्या बाजूला एक वाक्य आले: ‘परप्रांतीय जमावातील काही जण किरकोळ जखमी झाल्याचे समजते.’ वाचून दाखवायला त्या बाजूचा ओटा आम्हाला ठाऊक नव्हता आणि आम्ही तो शोधलाही नाही. अंक हातोहात खपला. छान लिहिलंस म्हणून मला फोन आले आणि मी सुखावले.

त्यानंतर एका सकाळी एक बाई पडवीच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. तुळिंजच्या लालमती प्रजापती. हातात आमचा अंक होता. शेजारच्या मुलीकडून त्यांनी तो वाचून घेतला होता. त्या म्हणाल्या, “सर, इसमें सबका नाम है. मेरा आदमी किधर है?”

सरांनी विचारले, त्यांना काय झालंय?

“एक आँख गया. डॉक्टर बोला, अब नहीं दिखेगा.”

सरांनी अंक हातात घेऊन ते वाक्य पुन्हा वाचले. मग मला म्हणाले, “किरकोळ हे कुणी सांगितलं?”

कुणीच सांगितले नव्हते. पोलिसांनी नाही, दवाखान्याने नाही. ते वाक्य आपसूक हाताला आले होते आणि कुणालाही खटकले नव्हते, सरांनाही नाही. मी काहीतरी पुटपुटायला लागले, पण सरांनी स्वतःची खुर्ची लालमतींना दिली आणि त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, “बाई, मी हे वाचलं आणि जाऊ दिलं. मला लाज वाटते.” कुणी माणूस ती कबुली इतक्या साधेपणाने देतो, हे मी तोवर पाहिले नव्हते. मला मात्र त्या क्षणी फक्त भीती वाटत होती, आता आपले काय होणार याची. सरांची लाज आणि माझी भीती यांतले अंतर मला पुढे बरीच वर्षे छळत राहिले.

आम्ही तुळिंजला गेलो. पाण्याच्या टाकीमागच्या चाळीत खाटेवर रामसूरत प्रजापती डोळ्याला पट्टी बांधून बसले होते. सरांनी नेहमीचेच प्रश्न विचारले. नाव, राहणे, धंदा. “केला बेचते हैं,” ते म्हणाले, “आगाशी से लाते हैं, म्हात्रे आळी से.” मग उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघून ओळखीचे हसले. “आप तो बाबूजी की बिटिया हैं ना?”

आमच्या घरी त्यांना ‘केळेवाला भैया’ म्हणत. आमच्या वाडीतले घड ते वर्षानुवर्षे नेत होते, आमच्या विहिरीचे पाणी पीत होते, दिवाळीला माझ्या आईच्या हातचे पोहे खात होते. त्यांचे नाव मला त्या दिवशी, बातमीसाठी म्हणून, कळले. मला मान वर करवेना.

पुढच्या अंकात दोन्ही बाजूंच्या जखमींची नावे एकाखाली एक, एकाच टाइपात आली. ज्यांना आळी नव्हती त्यांना चाळ होती, चाळीला नाव नव्हते तिथे ‘टाकीमागची’ असे होते. वर सरांचा छोटा मजकूर होता: ‘गेल्या अंकात आम्ही किरकोळ असे लिहिले. तसे आम्हाला कुणीही सांगितले नव्हते. संपादकाला याची लाज वाटते.’

छापण्याआधी त्यांनी हे सगळे हिराबाईंना, बाजारात जखमी झालेल्या अर्नाळ्याच्या कोळणीला, वाचून दाखवले. डोक्याला टाके पडलेल्या हिराबाई संतापल्या. “माना लागला तवा तुमी इचाराया आलाव नाय, ना आता त्याचा नाव माझ्या नावाला चिकटवता?” सरांनी नाव हलवले नाही. पण हिराबाईंची तक्रार मात्र त्याच पानावर, त्यांच्याच शब्दांत छापली. “त्या चिडल्यात, ही पण बातमीच आहे,” ते म्हणाले.

मग जे झाले ते सरांच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांना आठवत असेल, आठवायला हवे. सर एकतर्फी आहेत, सर फिरले, सरांना कुणीतरी विकत घेतले. अंकांचे गठ्ठे परत आले. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात माणसे त्यांच्याकडे पाठ करून बोलू लागली. सर परत आलेले अंक बाजारात पुड्या बांधायला देत आणि म्हणत, “लोक विकत घेत नाहीत ना, मग भाजीबरोबर घरात जाऊ दे.”

माझ्या वडिलांनी मला कचेरीत जाणे बंद करायला लावले. “आपल्या बायांची डोकी फुटली आणि ह्यांना भैयाचं पडलंय,” हे त्यांचे म्हणणे. मी मुकाट्याने घरी बसले, तेही नोंदवते. दोनेक आठवड्यांनी सर आमच्या पडवीत आले. मला न्यायला आलो असे म्हणाले नाहीत. सुकेळी खाल्ली, खिशातून पेन काढले आणि वडिलांना म्हणाले, “माझ्याविरुद्ध तुमचं जे काय आहे ते सांगा, पूर्ण छापतो.” वडील तासभर बोलले. सर लिहीत होते आणि मधेच “हे वाक्य पुन्हा सांगा” म्हणत होते. शेवटी वाचून दाखवले. वडिलांची ती टीका नाव, आळी आणि ‘बागायतदार’ या ओळखीसह अंकात आली. त्यानंतरच्या सकाळी वडील मला म्हणाले, “अजून घरात काय करतेस? सर वाट बघत असतील.”

या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख मागताना समितीतल्या एका ज्येष्ठांनी मला प्रेमाने सुचवले, “ते तुळिंजचं जरा मोघम ठेवा. ‘काही कटू प्रसंगही आले’ एवढं पुरे.” गठ्ठे परत पाठवणाऱ्यांत ते होते आणि आज शाल आणायला तेच धावत आहेत. त्यांच्यावर रागवायचा मला अधिकार नाही. मी मान डोलावली आणि तसाच लेख लिहिला. लिहून झाल्यावर सरांच्या सवयीने मोठ्याने वाचला. त्यात समितीतल्या प्रत्येकाचे नाव होते, आळी होती, हुद्दा होता. आणि मधे एका वाक्यात ‘एक फेरीवाला’ होता. इतकी वर्षे सरांच्या शेजारी बसून, त्यांच्या तोंडून ते सगळे ऐकून, माझा हात पुन्हा त्याच वाक्यावर गेला होता. तेव्हा मला भीती वाटली नाही, लाजच वाटली. ती वाटायला मला इतका उशीर लागला याचीही वाटली. तो लेख मी टाकून दिला. हा दुसरा आहे, आणि समितीला तो छापायचा नसेल तर त्यांनी तसे मला नव्हे, सरांना सांगावे.

टाकीमागे मी पुन्हा गेले आणि हा मजकूर रामसूरतजींना वाचून दाखवला. ते आता हातगाडी ओढत नाहीत, दुकानाच्या फळीवर केळी मांडून बसतात. सर पंचाहत्तर वर्षांचे झाले, तुमच्यातर्फे काय लिहू, असे विचारले. ते मराठीत म्हणाले, “सरांना केळी पाठवतो. पिकलेली नको, कच्चीच देतो. सरांकडे पुष्कळ दिवस आहेत, आरामात पिकतील.”

‘शतायुषी व्हा’ असे लिहिले तर सर विचारतील, ही माहिती कुठून मिळाली. म्हणून मी माझे काही जोडत नाही. सरांची प्रकृती ठणठणीत राहावी, त्यांना आणखी खूप वर्षे मिळावीत आणि आमची वाक्ये त्यांच्या नजरेखालून जात राहावीत, ही इच्छा खाली नावे असलेल्या दोघांची आहे. नावांचा क्रम मी लावला आहे आणि तो विचारपूर्वक लावला आहे.

रामसूरत प्रजापती, केळीविक्रेते, टाकीमागची चाळ, तुळिंज.

त्यांच्या खाली, नंदिनी म्हात्रे, उपसंपादक, म्हात्रे आळी, आगाशी.