गोदामातले मुके फोन

गोदामात तिला सगळ्या ‘वहिनी’ म्हणत, कारण तिथला मुकादम तिचा सख्खा दीर होता. नात्याचा फायदा तेवढाच. पार्सलं उचलताना ती दोन मिनिटं थांबली, की कंपनीने मनगटावर बांधलेला फोन कोकलायचा, ‘हालचाल नाही!’ मागोमाग दीर ओरडायचा, “वहिनी, झोपायचं असेल तर घरी झोपा!”

त्या फोनवर कंपनीच्या अ‍ॅपशिवाय काही उघडत नसे. स्वतःचे फोन फाटकावरच जमा करावे लागत.

एका मंगळवारी दुपारी दीडला तिची आई गेली. निरोप मुकादमाकडे आला. तिला कळलं सातला, पाळी सुटल्यावर. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं.

“भावोजी, साडेपाच तास?”

“ट्रक भरायचे होते. लवकर कळून म्हातारी उठून बसली असती का?”

“तो तरी काय करणार,” नवरा पुटपुटला. त्याच्याशीही तिचं बोलणं तुटलं.

लग्नाआधी तिने टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात चार वर्षं काढली होती. भंगारात टाकलेले कंपनीचे दोन फोन तिने जेवणाच्या डब्यातून घरी आणले. असल्या फोनांची कुलुपं तोडणारी माणसं इंटरनेटवर सापडली. त्यांचं वाचून वाचून ती शिकली. पहिला फोन कायमचा मेला. दुसरा पाचव्या महिन्यात उघडला. त्यात तिने स्वतः लिहिलेला एवढासा प्रोग्राम घातला. पडद्याचा कोपरा तीनदा दाबला, की घरचा निरोप येई, जाई.

कपडे बदलायच्या खोलीत केबल लावून तिने तो एकेकीच्या फोनात उतरवला. एकोणीस जणी झाल्या. कुणाला पोराचा ताप कळू लागला, कुणाला सासूची कुरकुर. “हे कशाला कळवलंस गं बाई!” म्हणून एकीने कपाळावर हात मारला.

मग कंपनीने वरून अ‍ॅपची नवी आवृत्ती सोडली, प्रोग्राम त्या आवृत्तीशी जुळेना आणि भर पाळीत एकोणीस फोन काळे पडले. दिराने सगळ्यांना रांगेत उभं केलं.

“कुणाचं हे काम?”

“माझं.”

“आणि बाकीच्या?”

“त्यांना विचारलं नाही मी. परस्पर घातलं.”

तिला तिथूनच हाकललं. दुसऱ्या दिवशी दीर कागद घेऊन दारात आला. कंपनीच्या साहेबांचा आता त्याच्यावरच संशय होता.

“एकटीने केलं, मला ठाऊक नव्हतं, असं लिहून द्या.”

“ठाऊक असतं तरी तुमच्या डोक्यात शिरलं नसतं.” कागदावर बाकीच्या बायका निर्दोष असल्याची ओळ तिने स्वतः वाढवली, मग सही केली. “आता निघा. पुन्हा या दारात दिसू नका.”

“दादाचंही घर आहे हे!”

“मग दादाला बाहेर बोलवून भेटा.”

आता ती बाजारात फोन दुरुस्तीच्या दुकानात बसते. एकोणिसांपैकी सहा जणी तिला पाहून रस्ता बदलतात. तिच्यामुळे आपली झडती घेतली गेली, हा राग. ती समजूत काढायला जात नाही. समोर उघडलेला फोन असतो, आणि गिऱ्हाईक घाई करत असतं.