पोचलीस की फोन कर

"पोचलीस की फोन कर." वर्ग सुटला की दारात उभ्या राहून सिस्टर प्रत्येकीला हे एकच वाक्य सांगायच्या. माझं घर तिथून अवघ्या दोन बसस्टॉपवर. तरी फोन करावाच लागे. विसरलं तर त्यांचाच यायचा, तोही मी चपला काढायच्या आत. सासूबाईंनीही माझ्यावर इतकी पाळत ठेवली नव्हती.

जर्मनीत रेगेन्सबर्गला नवऱ्यांच्या मोटार कारखान्यातल्या नोकरीपायी आलेल्या आम्हा बायकांना सिस्टर कॉन्व्हेंटच्या जुन्या धुण्याच्या खोलीत जर्मन शिकवत. वय ऐंशीच्या पुढे, पण मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नाही. अंगात कोट, नजर खिडकीबाहेर. क्रियापद अर्धवट सोडून हीटरला हात लावून यायच्या. हीटर तापलेलाच असे. खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पिशवी बसायची.

"सिस्टर, बसा की जरा."

"हो, हो, बसते," म्हणत पुन्हा खिडकीशी.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्यासमोर आपल्यालाही चहा उभ्यानंच प्यावा लागतो. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच यायचा.

भिंतीवर कॉन्व्हेंटच्या ऑफिसनं पाटी लावली होती: 'इथे फक्त जर्मन बोला'. सिस्टरनी ती उलटी करून टांगली. ऑफिसवाले सरळ करून जात, या पुन्हा उलटी करत. आम्ही मराठीत कुजबुजलो तर खूश व्हायच्या. "आल्झो, तर मग आधी आपल्या भाषेत भांडून घ्या. मग कशावरून भांडलात ते मला जर्मनमध्ये सांगा."

एकदा सकाळपासून बर्फ पडत होता आणि वर्गाला मी एकटीच पोचले. त्या दिवशी त्या शिकवेनात. खिडकीशी उभ्या राहून, माझ्याकडे न बघताच बोलू लागल्या.

तरुणपणी त्यांना अमेरिकेत पाठवलं होतं, पार पश्चिमेच्या माळरानावर, मिशनच्या निवासी शाळेत. मुलं तिथल्या मूळ रहिवाशांची, घरापासून तोडून आणलेली. वर्गात एकच शेगडी. पहाटे उठून सिस्टर लोकांनीच लाकडं फोडायची, पाव भाजायचे, ढीगभर कपडे धुवायचे, मग शिकवायला उभं राहायचं. बिशपना लिहिलं की उत्तरात आशीर्वाद यायचे, कोळसा यायचा नाही. हे सांगताना त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

शाळेचा नियम होता, फक्त इंग्रजी बोलायचं. एक लहान मुलगी आपल्या भाषेतलं गाणं गुणगुणली म्हणून सिस्टरनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. ती तिथूनच घराकडे चालत निघाली. थोड्या वेळात बर्फाचं वादळ आलं. सिस्टर कंदील घेऊन, हाका मारत माळभर फिरल्या. काही दिवसांनी मुलीचा बाप तिचे कपडे न्यायला आला. ती जिवंत होती, पण पायाची बोटं गेली होती. एवढंच सांगून तो निघून गेला.

"मला तरी कुठे धड इंग्रजी येत होतं?" त्या म्हणाल्या. "मलाही रडायला माझी घरची बव्हेरियन बोलीच लागायची."

त्या दिवशी घरी पोचल्या पोचल्या पहिला फोन सिस्टरना केला.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी तिकडच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं त्यांना त्या मुलीचा पत्ता कळवला. मुलगी आता सत्तरीची आजी. सिस्टर लगेच निघाल्या. कॉन्व्हेंटमध्ये सगळ्यांनी विरोध केला. या वयात, इतक्या लांब, आणि तिनं दारच उघडलं नाही तर? मीही तेच विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "नाही उघडलं तर बाहेर उभी राहीन. मी तिला उभं केलंच होतं."

स्टेशनवर सोडायला मी गेले. तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या. गाडी सुटताना माझ्या तोंडून निघून गेलं, "पोचलात की फोन करा." डब्यातही त्या उभ्याच होत्या.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. फोन ओट्यावर ठेवून कणीक मळायची, पिठाच्या हातानं पुन्हा पुन्हा बघायचं. नवरा म्हणाला, "अगं, तू त्यांच्यासारखीच करायला लागलीस. बस जरा." मी हीटरपाशी उभी होते.

सिस्टर परत आल्या नाहीत. वसंतात तिथेच गेल्या, तिथल्याच मातीत आहेत. मला त्यांची फार आठवण येते. वर्ग आता दुसऱ्या बाई घेतात, आणि पाटी उलटी करायचं काम माझ्याकडे आलं आहे.

पण मनात राहिला आहे तो त्या निघाल्या त्याच आठवड्यात आलेला फोन. संध्याकाळी मी भात लावत होते. नंबर अनोळखी होता, आवाज म्हाताऱ्या बाईचा, इंग्रजी सावकाश.

"तुमच्या सिस्टरनी हा नंबर दिला. पोचल्यावर कळवायचं असतं म्हणाल्या, म्हणून मी करतेय."

"त्या कुठे आहेत?"

"माझ्या स्वयंपाकघरात. शेगडीजवळच्या खुर्चीत बसल्या, आणि बसल्या बसल्याच झोप लागली त्यांना. उठवू का?"

"नको," मी म्हणाले. "झोपू द्या."